एका शून्याच्या गाद्या

चूक फक्त एका शून्याची होती. शून्याला स्वतःची अशी काही किंमत नसते, हे मी मेव्हण्याला समजावून पाहिलं. तो म्हणाला, "भाऊजी, आधी लिहिलं तर नसते. तुम्ही नंतर लिहिलंय."

हे वाक्य त्यानं दुसऱ्या कुणाला ऐकवलं असतं तर मीही हसलो असतो. पण मी मुद्रितशोधक आहे. आमच्या छापखान्यातून बाहेर पडणारा प्रत्येक मजकूर माझ्या नजरेखालून जातो. गाड्यांची वेळापत्रकं, औषधाच्या खोक्यांवरच्या सूचना, पाठ्यपुस्तकं, निविदा. ऱ्हस्व 'सुचना' मला रस्त्याच्या पलीकडून दिसते. हॉटेलात गेलो की मेनूकार्ड हातात येताक्षणी माझं लाल पेन खिशातून बाहेर येतं, म्हणून बायको माझ्याबरोबर हॉटेलात येत नाही. अशा माणसाच्या हातून एक शून्य जास्त पडावं, आणि तेही अशा जागी जिथे खोडायची सोयच ठेवलेली नाही, याला काय म्हणावं ते मला अजून सुचलेलं नाही. शब्दकोशातही पाहिलं.

त्याचं असं झालं. नदीला पूर आला आणि आमच्यापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवरचं एक गाव छातीभर पाण्यात गेलं. पाणी ओसरल्यावर बातमी आली की तिथल्या रुग्णालयातल्या सगळ्या गाद्या चिखलात बाद झाल्या आहेत. आमच्या सोसायटीनं मदत करायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे पार्किंगमध्ये सभा भरली आणि ठरायला सुरुवात झाली.

चौथ्या मजल्यावरच्या मावशींनी पहिल्यालाच खोडा घातला. "मी काही देणार नाही. मागच्या वादळाच्या वेळी मी निळं ब्लँकेट दिलं होतं. नंतर कामासाठी बाहेरगावी गेले, लॉजवर उतरले, तर पलंगावर माझंच ब्लँकेट. कोपऱ्यातलं रफूसुद्धा माझ्याच हातचं."

"मग तुम्ही काय केलंत?" अध्यक्षांनी विचारलं.

"काय करणार? पांघरून झोपले. वर खोलीचं भाडं दिलं."

अध्यक्षांना आमच्याकडे सगळे कर्नल म्हणतात. ते सैन्यात कधीच नव्हते. सैन्याला बूट पुरवणाऱ्या कंपनीत ते हिशेब लिहायचे, पण मिशा आणि आवाज त्यांनी तिथूनच उचलला असावा. कर्नलसाहेबांनी मिशीवर बोट फिरवत सभेला विचारलं की दिलेली वस्तू योग्य ठिकाणी पोचली हे आपल्याला कळणार कसं. आणि नेमका त्या दिवशी माझा मेव्हणा आमच्याकडे आला होता.

माझा मेव्हणा संगणकाच्या कंपनीत आहे. तो आमच्याकडे जेवायला आला की पान वाढायच्या आधी एक नवी कल्पना वाढतो. बायकोला भावाचं कौतुक, त्यामुळे ती मला संपवावी लागते. त्या दिवशी मात्र त्यानं ती अख्ख्या सभेला वाढली. कल्पनेचं नाव ब्लॉकचेन.

"असं समजा," तो म्हणाला, "की सोसायटीची एकच वही नाही. प्रत्येकाच्या घरी त्याच वहीची प्रत आहे. एका ठिकाणी नोंद झाली की सगळ्यांकडे होते. कुणी आपल्या घरी बसून खाडाखोड केली, तर बाकीच्या सगळ्या वह्या त्याला खोटं पाडतात. म्हणून एकदा लिहिलं ते लिहिलं. प्रत्येक नोंद आधीच्या नोंदीत अडकवलेली, साखळीसारखी."

मग मावशी म्हणाल्या, "म्हणजे आपल्या जिन्यातल्या गप्पांसारखं. एकीला सांगितलं की घरोघरी प्रत जाते, आणि मागे घेता येत नाही."

"अगदी तसंच," मेव्हणा म्हणाला. "फक्त त्यात मधल्यामध्ये कुणाला भर घालता येत नाही."

"मग त्यात मजा काय," मागून कुणीतरी म्हणालं, पण मावशींना ते पटलं होतं, आणि मावशींना पटलं की सभेला पटतं.

योजना अशी होती. प्रत्येक गादीवर एक चिठ्ठी चिकटवायची. चिठ्ठीवर चौकोनी कोड. गादी ज्या ज्या हातात जाईल त्यानं फोननं तो कोड टिपायचा आणि 'मिळाली' असं बटण दाबायचं. सोसायटीकडून ट्रक, ट्रककडून मदत कक्ष, मदत कक्षाकडून रुग्णालय. मेव्हण्याच्या मित्रांनी ही साखळी आधीच उभी केली होती आणि मदत पाठवणारे बरेच गट तिच्यात होते. कोण काय पाठवतंय हे सगळ्यांना दिसणार. आम्ही बारा गाद्या द्यायचं ठरवलं. आता साखळीत पहिली नोंद कुणी करायची?

कर्नलसाहेब माझ्याकडे वळले. "इथे चूक चालणार नाही. तेव्हा ह्यांनाच लिहू द्या."

हे वाक्य मला नंतर बऱ्याच जणांनी, बऱ्याच आवाजांत, म्हणून दाखवलं.

मी चष्मा पुसला. मेव्हण्यानं रकाना भरून ठेवला होता आणि त्यात 'गाद्दया' असं लिहिलं होतं. मला घाम फुटला. कायमस्वरूपी राहणाऱ्या नोंदीत असलं जोडाक्षर? मी त्याला तिथेच सर्वांसमक्ष दोन शब्द सुनावले, 'गाद्या' केलं, ते उजवीकडून डावीकडे वाचलं, डावीकडून उजवीकडे वाचलं, आकडा टाकला आणि समाधानानं बटण दाबलं. अक्षरात गुंतलेल्या डोळ्याला आकडा दिसत नाही, हा आमच्या धंद्यातला जुनाच रोग आहे. टाळ्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको चहा घेता घेता फोन बघत होती. "एकशे वीस का लिहिलंय?" तिनं विचारलं. तिनं कप खाली ठेवला नाही, ह्यावरून तिला आश्चर्य वाटलेलं नव्हतं.

मी मेव्हण्याला फोन केला. तो म्हणाला की नोंद पुसता येणार नाही. खाली दुसरी नोंद करता येईल, 'वरील आकडा चुकीचा आहे' अशी. पण वरची वर राहणार.

"म्हणजे चूकही राहणार, आणि ती मी केली हेही राहणार."

"हो. कायमचं. तीच तर त्यातली गंमत आहे, भाऊजी. पारदर्शक."

छापखान्यात ही गोष्ट कळू नये म्हणून मी तोंड बंद ठेवलं. जेवणाच्या सुट्टीत छपाईयंत्रावरचा माणूस वेळापत्रकाचा फर्मा घेऊन माझ्यापाशी आला आणि अतिशय नम्रपणे म्हणाला, "साहेब, ही बाराची गाडी बाराचीच ठेवू ना? की एकशे वीसची करू?" सगळ्यांना दिसणारी साखळी सगळ्यांनी पाहिली होती. आमचे मालक एरवी वर्तमानपत्रदेखील वाचत नाहीत, त्यांनीसुद्धा.

सोसायटीत तर सल्ल्यांचा नुसता पाऊस. तिसऱ्या मजल्यावरच्या वकिलांनी सांगितलं की नोंदीत गादीचं माप दिलेलं नाही, तेव्हा बारा गाद्यांचे प्रत्येकी दहा तुकडे केले तर कायद्यानं आपल्याला कुणी हात लावू शकत नाही. कर्नलसाहेबांचं म्हणणं, माघार घ्यावी पण तिला 'फेरआखणी' म्हणावं. मावशी एवढंच म्हणाल्या, "आधी त्या दवाखान्याला फोन करा. झोपायचंय त्यांना."

मी फोन केला. रुग्णालयाच्या मेट्रनबाईंनी उचलला. मी मनाशी जुळवलेली वाक्यं होती, त्यांतलं एकही आठवलं नाही.

"सिस्टर, आमच्या नोंदीत एक शून्य जास्त पडलंय. आम्ही बाराच देणार होतो."

पलीकडे बादल्यांचा आणि खराट्याचा आवाज येत होता.

"असं का," त्या म्हणाल्या. "कापड व्यापाऱ्यांच्या संघटनेच्या गाद्या आमच्याकडे निघाल्या होत्या. त्यांनी तुमची नोंद पाहिली, आमचं भागलं असं समजून पुढच्या गावाला वळवल्या. बरोबरच केलं त्यांनी. तिथेही गरज आहे." मग म्हणाल्या, "काही हरकत नाही. जमतील तेवढ्या पाठवा. सध्या पेशंट लोखंडी पट्ट्यांवर पुठ्ठे टाकून झोपतात. होते सवय."

त्या रागावल्या असत्या तर माझं काम सोपं होतं. रागावलेल्या माणसाशी वाद घालता येतो. मी दोन शब्द ऐकून घेतले असते, दोन सुनावले असते आणि खाली दुरुस्तीची नोंद करून मोकळा झालो असतो. पण ह्या बाईंनी मला तेवढीही संधी दिली नाही.

"एकशे वीसच येतील," मी म्हटलं.

"पण तुम्ही आत्ताच तर म्हणालात की—"

"नोंद बरोबर आहे, सिस्टर. बाराचा आकडा चुकीचा होता."

फोन ठेवला तेव्हा स्वयंपाकघरातून बायको बाहेर आली. ती गॅस बंद करूनच आली होती, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"हे त्यांना सांगितलंत?"

"हो."

"आणि आता सोसायटीला कोण सांगणार?"

मी तिच्याकडे बघितलं. तिनं नाही म्हणून मान हलवली. तिच्या भावाला विचारण्यात अर्थ नव्हता.

दुसरी सभा पहिलीपेक्षा मोठी भरली, कारण माझी फजिती बघायला भाडेकरूही आले होते. पाण्याची टाकी, रंगकाम, गच्चीची गळती, सगळ्यांच्या निधीची नावं निघाली आणि शेवटी सगळे लिफ्टपाशी येऊन थांबले. आमची लिफ्ट मनात येईल तेव्हा दोन मजल्यांच्या मध्ये विश्रांती घेते. नवी बसवायची म्हणून कधीपासून पैसे साठवणं चाललं होतं. मी घसा साफ केला आणि लिफ्ट पुढच्या वर्षावर ढकलावी असं सुचवलं.

"तुम्ही तळमजल्यावर राहता," वकील म्हणाले.

मी खाली बसलो. बायको माझ्या शेजारी उभी होती, तीही तळमजल्यावरच राहत असल्यामुळे खाली बसली.

मावशी उठल्या. उठताना त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला आणि तो सगळ्यांना दिसेल इतका वेळ तसाच ठेवला. "मी चौथ्या मजल्यावर राहते," त्या म्हणाल्या. "लिफ्ट अशीही निम्म्या वेळा बंदच असते. मी चढेन. पुठ्ठ्यावर झोपण्यापेक्षा जिना बरा. पण गाद्यांवरच्या चिठ्ठ्या मी स्वतः तपासणार. या वेळी लॉजवर माझी गादी निघाली तर मी भाडं देणार नाही."

वकिलांनी हात वर केला. ते तिसऱ्या मजल्यावर राहतात, म्हणून मी त्यांना सगळं माफ केलं.

पैशाचा प्रश्न सुटला तेव्हा मला वाटलं आता सुटलो. गादीवाल्यानं तो गैरसमज दूर केला. गादीवाला स्वभावानं उदास होता. बारा गाद्या त्यानं तयार ठेवल्या होत्या, उरलेल्यांचं ऐकून तो खुर्चीत बसला.

"इतक्या गाद्या? आणि इतक्या लवकर? मी आणि माझा भाऊ, दोघंच आहोत. भाऊ अंथरुणाला खिळलाय."

"काय झालंय त्यांना?"

"पाठ दुखते."

"गादी बदलून पाहिली का?" मेव्हण्यानं विचारलं. मी त्याला दुकानाबाहेर पाठवला.

शेवटी असं ठरलं की कापूस आणि कापड गादीवाला देईल, दाभणं आणि सुतळी देईल, कसं शिवायचं ते दाखवेल आणि हात आमचे असतील. पार्किंगमधल्या गाड्या रस्त्यावर गेल्या आणि तिथे कापसाचे ढीग आले. मी ऑफिसातून आलो की लेंगा चढवून खाली बसायचो. आमच्या सोसायटीत इतकी माणसं राहतात हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. गादी भरणं हे बाहेरून दिसतं तसं काम नाही. कापूस एका कोपऱ्यात जातो आणि दुसऱ्या कोपऱ्यात जायला तयार होत नाही. दाभण कापडातून आत सरळ जातं आणि बाहेर माणसाकडे येतं.

कर्नलसाहेबांनी पहिल्याच दिवशी स्वतःची बाही गादीला शिवून घेतली. टाका इतका पक्का होता की गादीवाल्यानं त्यांचं मनापासून कौतुक केलं आणि मग शर्ट कापला. वकिलांचा चष्मा हरवला. तो कुठल्या तरी गादीच्या आत गेला असावा असा संशय आल्यावर आम्ही शिवून झालेली प्रत्येक गादी इंचाइंचानं चाचपून पाहिली, आणि शेवटी तो त्यांच्या कपाळावर सापडला. कापसाचे पुंजके जिन्यातून वर गेले, लिफ्टच्या मोटारीत शिरले, आणि तिनं कायमची विश्रांती घेतली. त्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. माझी पहिली गादी तयार झाली तेव्हा गादीवाला तिच्याभोवती एक फेरी मारून आला.

"चालेल," तो म्हणाला. "आजारी माणूस तसाही एका कुशीवर झोपतो."

दुसरी मी उसवून पुन्हा भरली. तिसरीला तो काही बोलला नाही, आणि त्याच्यासारख्या माणसानं काही न बोलणं म्हणजे काय हे मला त्याच्या हाताखाली बसल्यावर कळलं होतं. त्या दिवशी जेवताना मी बायकोला दोनदा सांगितलं की तिसरीला तो काही बोलला नाही. चिठ्ठ्या बायकोच्या ताब्यात होत्या. ती चिठ्ठी चिकटवायची, मावशी कोड टिपायच्या आणि 'दिली' म्हणून इतक्या मोठ्यानं पुकारायच्या की समोरच्या इमारतीतली माणसं गॅलरीत यायची. त्यांच्यातले काही नंतर दाभण घेऊन आमच्यातच येऊन बसले.

ज्या पहाटे ट्रक भरला त्या पहाटे मी शेवटची गादी वर ढकलली आणि फोनवरचा आकडा पाहिला. तो पहिल्यापासून तिथेच होता. पण आता तो खरा होता. माझ्या आयुष्यात मी मजकूर दुरुस्त करून खऱ्याला जुळवत आलो. खरं दुरुस्त करून मजकुराला जुळवायची ही पहिलीच वेळ.

ट्रकबरोबर मी आणि मेव्हणा निघालो. पूरग्रस्त भागात शिरायच्या आधी मदत कक्षाचा परवाना लागत होता आणि साखळीत तिथल्या अधिकाऱ्यांची नोंदही. कक्ष एका शाळेच्या वर्गात होता. अधिकारी विद्यार्थ्यांच्या बाकावर कसेबसे बसले होते. त्यांनी आमचे कागद काळजीपूर्वक पाहिले, परवाना लिहिला आणि म्हणाले, "मिळाल्याची सही करतो. तीन प्रतींत करतो. पण ते बटण दाबणार नाही."

"का?"

"बटणाबद्दल आदेश नाही. उद्या चौकशी लागली तर सही केल्याचा कागद दाखवता येतो. बटण दाबल्याचं काय दाखवू, बोट?"

मेव्हण्यानं त्यांना साखळी समजावून सांगितली. घरोघरच्या वह्या, खाडाखोड, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं. "छान आहे. तसा अर्ज द्या. तो तांत्रिक विभागाकडे जाईल. पण तो विभाग सध्या पुराच्या कामात आहे."

"साहेब, हेही पुराचंच काम आहे."

"म्हणून तर सांगितलं, वेळ लागेल."

मधली कडी वगळता येत नाही, असं मेव्हणा माझ्या कानात म्हणाला. त्यांनी बटण दाबलं नाही तर गाद्या रुग्णालयात पोचतील, पण साखळीत त्या कायम ट्रकमध्येच राहतील, आणि चौथ्या मजल्यावरच्या मावशी फोन हातात धरून बसल्या असतील. बाहेर ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. मी माझ्या सवयीप्रमाणे भिंत वाचायला लागलो.

भिंतीवर एक परिपत्रक लावलं होतं. 'मदतकार्यात विलंब न करणाऱ्या कर्मचाऱ्यांवर कडक कारवाई करण्यात येईल.' मी ते एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. हात आपोआप खिशातल्या लाल पेनाकडे गेला.

"साहेब, हे आपल्या सहीनं निघालंय?"

"हो. सगळ्या कक्षांना गेलंय."

"ह्यात एक 'न' जास्त आहे."

ते उठले, भिंतीपाशी गेले. त्यांचे ओठ हलताना दिसले. "हे लावून बरेच दिवस झाले," ते हळूच म्हणाले. "कुणीच काही बोललं नाही."

"सगळे आदेश पाळत असतील," मेव्हणा म्हणाला. मी त्याच्या पायावर पाय दिला.

अधिकाऱ्यांचा चेहरा मला ओळखीचा वाटला. चहाचा कप हातात असताना बायकोनं तो प्रश्न विचारला, तेव्हा समोरच्या काचेत मला माझाही असाच दिसला होता. त्या चेहऱ्याला हसणं मला जमेना. "माझंही एक शून्य जास्त पडलं होतं," मी म्हटलं. "ते बाहेर ट्रकमध्ये आहे."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. रुग्णालय, पुठ्ठे, लिफ्ट, दाभणं. ते ऐकता ऐकता खिडकीपाशी गेले आणि ट्रककडे पाहत राहिले. गाद्या दोराखाली वरपर्यंत रचलेल्या होत्या.

"म्हणजे तुम्ही दुरुस्ती केलीच नाहीत."

"केली ना. एकशे आठ गाद्या शिवल्या."

त्यांनी माझं लाल पेन मागून घेतलं, तो 'न' खोडला आणि बाजूला सही केली. ती सही त्यांनी एकाच प्रतीत केली. मग खिशातून स्वतःचा फोन काढून माझ्या शेजारी बाकावर येऊन बसले. "कुठे दाबायचं ते दाखवा." मेव्हण्यानं दाखवलं. दाबण्याआधी त्यांनी विचारलं, "हे कायम राहतं?"

"कायम," मी म्हटलं.

त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं, आणि मग फोनवरचं दाबलं.

रुग्णालयाच्या भिंतींवर पाण्याची तपकिरी रेघ होती, माझ्या छातीइतकी उंच. जमीन धुऊन स्वच्छ केली होती, पण चिखलाचा वास जायला तयार नव्हता. मेट्रनबाई फोनवरच्या आवाजावरून मला उंच वाटल्या होत्या. प्रत्यक्षात त्या माझ्या खांद्याला लागत होत्या. पायात रबरी बूट, बाह्या कोपरापर्यंत वर. त्यांनी ट्रककडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"सगळ्या?"

"सगळ्या."

वळून त्यांनी दोन वॉर्डबॉयना हाक मारली, आणि हाक मारताना त्यांचा आवाज जरा बदलला होता एवढं मला कळलं.

फोनला रेंज फक्त एका वॉर्डच्या खिडकीपाशी येत होती. म्हणून प्रत्येक गादी त्या खिडकीपाशी न्यायची, मेट्रनबाईंनी कोड टिपायचा, पीक असा आवाज झाला की पुढे पलंगाकडे. ट्रक उपसता उपसता दुपार झाली. मी ट्रकमधल्या गाद्यांना पाठ टेकून दम खात होतो आणि मग एकेक पाठीवर घेत होतो. घामानं शर्ट अंगाला चिकटला होता, दमट हवेनं चिठ्ठ्यांचे कोपरे सुटत होते. मेट्रनबाई वेगानं टिपत होत्या. पीक, पुढे. पीक, पुढे. मी त्यांच्यासमोर वाकून बुटाची नाडी बांधत होतो तेव्हाही एकदा पीक झालं. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

शेवटी त्यांनी फोन बंद केला. "झाल्या. आकडा पूर्ण."

त्याच क्षणी मेव्हणा ट्रकमधून एक गादी डोक्यावर घेऊन दारात उभा राहिला. "ही राहिली की."

आम्ही तिघं त्या गादीकडे पाहत राहिलो. तिच्यावर चिठ्ठी नव्हती. बायकोच्या हातून चिठ्ठी राहून जाणं शक्य नव्हतं, हे मी त्या दोघांना ठामपणे सांगितलं. मेव्हण्यानं गादी खाली ठेवली आणि माझ्या मागे गेला.

"भाऊजी," तो म्हणाला, "तुम्ही जमा झालात."

चिठ्ठी माझ्या पाठीवर होती, दोन खांद्यांच्या बरोबर मध्ये. मेट्रनबाईंनी ती टिपली होती. साखळीत माझी रीतसर नोंद झाली होती, गादी म्हणून, सुस्थितीत मिळाली म्हणून. तेवढ्यात माझा फोन वाजला. मावशी होत्या. शेवटची पोचली, आकडा जुळला, असं त्या जिन्यात उभ्या राहून मला सांगत होत्या आणि मागे कर्नलसाहेब सगळ्यांना शांत राहायचा हुकूम सोडत होते. मी त्यांना काहीच सांगितलं नाही. आकडा जुळला होता, हे खरंच होतं.

"हे आता पुसता येत नाही ना?" मेट्रनबाईंनी मेव्हण्याला विचारलं. त्यानं मान हलवली. त्यांनी ती उरलेली गादी खिडकीजवळच्या रिकाम्या पलंगावर घातली, वर चादर ओढली आणि माझ्याकडे वळल्या. "मग पडा जरा वेळ. काय चेहरा झालाय तुमचा. नोंदीप्रमाणे तुमची जागा इथेच आहे."

मी नको नको म्हणत होतो, पण मेट्रनबाईंना नको म्हणणारी माणसं त्या वॉर्डात बरीच होती आणि सगळी आडवी होती. मी बूट काढून आडवा झालो. पाठीनं गादीला ओळख दिली. वॉर्डभर दोन्ही बाजूंना पांढऱ्या चादरी दिसत होत्या, आणि प्रत्येक चादरीखाली आमच्या पार्किंगमधला कापूस.

शेजारच्या पलंगावर एक आजोबा होते. पायाला मोठं बँडेज. त्यांनी मान वळवून मला निरखलं.

"तुम्हाला काय झालंय?"

"काही नाही. मी मदतीतून आलोय."

त्यांनी विचार केला. "ह्या गाद्यांबरोबर?"

"हो, गाद्यांबरोबर."

त्यांनी कोपरानं आपली गादी दाबून पाहिली, आधी अलीकडे, मग पलीकडे. "चांगल्या आहेत," ते म्हणाले. "कुणी केल्यात?"

हे मला अजून कुणी विचारलं नव्हतं. मी कुशीवर वळलो आणि त्यांना सांगायला लागलो. मावशींच्या गुडघ्यांबद्दल सांगितलं, कर्नलसाहेबांच्या बाहीबद्दल सांगितलं, वकिलांच्या चष्म्याबद्दल, आणि गादीवाला तिसरीला काहीच बोलला नाही तेही सांगितलं. समोरच्या इमारतीतली माणसं कशी येऊन बसली ते सांगता सांगता पाहिलं, तर आजोबांना झोप लागली होती. पाठ पूर्ण टेकलेली, तोंड उघडं, एक हात गादीच्या कडेवरून खाली लोंबत.

माझं बोलणं ऐकता ऐकता माणसं झोपतात, हे मला घरी रोजचं आहे, आणि मला त्याचा रागही रोज येतो. त्या दुपारी मी आवाज खाली आणला आणि पुढचं स्वतःलाच सांगत राहिलो.